पिशवीवर नाव काय लिहिणार?

पत्र असं आहे (थोडं आखूड केलंय. ऑसेलारिस आणि पर्क्युला या क्लाउनफिशच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती, आणि पिकासो हा पर्क्युलाचा वेड्यावाकड्या नक्षीचा वाण):

‘माझ्याकडे दोन वर्षांपासून क्लाउनफिशची जोडी आहे. दुकानातून ऑसेलारिस म्हणून घेतली होती. नर अगदी साधा, तीन पट्टे. मादी मात्र वेगळी आहे. तिचा मधला पट्टा उजव्या बाजूला अर्ध्यातच संपतो आणि डाव्या बाजूला पुढे वळून डोक्याच्या पट्ट्याला जवळजवळ चिकटतो. त्यात गेल्या तीन आठवड्यांत तिच्या गालावर आणि पोटाकडे काळे डाग उमटलेत (याच महिन्यात टाकीत हॅमर कोरल, म्हणजे हलत्या बोटांचा प्रवाळ, आणला, ती दिवसभर त्यातच लोळते). दर पंधरवड्याला अंडी घालतात. माझा एक मित्र गेली बरीच वर्षं या छंदात आहे. तो म्हणतो, ही मादी दुर्मीळ आहे, साध्या नरासोबत वाया जाईल. नर काढ, मी तुला पिकासो पर्क्युला नर देतो, नवा वाण तयार होईल, त्याला नाव तू दे. माझी मोठी बहीण म्हणते, माशांच्या रंगात अशी लुडबूड करणं बरोबर नाही. मला दोघांचंही पटतं. काय करू? – रंगात अडकलेला’

प्रिय रंगात अडकलेले,

तुमच्या पत्रातलं एक मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. काळ्या डागांचं उत्तर त्या हॅमर कोरलमध्येच आहे. क्लाउनफिशला समुद्रफूल (ॲनिमोन, डंख मारणाऱ्या मऊ बोटांचा समुद्री प्राणी, त्याचं नेहमीचं घर) मिळालं नाही, की तो जे मऊ आणि हलणारं दिसेल त्यात घर करतो. हॅमर कोरलच्या बोटांनाही डंख असतो. नव्या घराचा डंख अंगवळणी पडेपर्यंत जिथे जास्त घासलं जातं तिथली कातडी काळवंडते, आणि म्हणूनच डाग गालावर आणि पोटाकडे आहेत. बहुतेकदा हे डाग काही आठवड्यांत फिके पडतात. कधीकधी थोडे राहतातही. डाग सपाट आहेत, मादी नीट खातेय, श्वास नेहमीसारखा आहे, तोवर काळजी नको. अंगावर पांढुरका चिकट थर आला, खाणं सुटलं किंवा ती पाण्याच्या पृष्ठभागाशी जाऊन धापा टाकू लागली, तर तो रंग नव्हे, रोग समजा आणि त्याच दिवशी तिला वेगळ्या टाकीत घ्या.

म्हणजे तुमच्या ‘दुर्मीळ’ मादीचा अर्धा दुर्मीळपणा कोरलने दिलेला आहे. तो पिल्लांत उतरणार नाही. (समुद्रातही असं होतं. क्लार्कीसारख्या काही जाती विशिष्ट समुद्रफुलात राहायला लागल्या की अंगाने काळ्या पडतात.)

आता पट्टे. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण तुमचा मित्र जे गृहीत धरून चाललाय त्याचा पाया इथेच आहे.

क्लाउनच्या पिल्लाला जन्मतः पट्टे नसतात. अंधार पडल्यावर अंडी फुटतात तेव्हा बाहेर पडतो तो काचेच्या सुतासारखा एक जीव: दोन चंदेरी डोळे आणि मागे एक वळवळ. पुढचे दहा-पंधरा दिवस तो पाण्यात तरंगत रोटिफर आणि मग आर्टेमिया (पिल्लांना खायला वाढवतात ते पाण्यातले बारीक जीव) खातो. मग एक दिवस सकाळी टॉर्च मारली की चारदोन पिल्लं तळाजवळ किंवा टाकीच्या भिंतीशी घुटमळताना दिसतात, अंगावर मळकट नारिंगी झाक, आणि डोळ्यांमागे खडूने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ. पहिला पट्टा डोक्याचा, मग अंगाचा, शेवटी शेपटीचा. हा क्रम ठरलेला आहे. कुठल्या जातीला एक पट्टा असतो, कुठल्या जातीला दोन, कुठल्या जातीला तीन, पण फक्त शेपटीचा पट्टा असलेली जात नाही.

ही रेघ कधी आणि किती ओढली जाणार, हे नुसतं आईबापांवर ठरत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात पर्क्युलाच्या पिल्लांवर झालेलं काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच जातीची पिल्लं, पण एका प्रकारच्या समुद्रफुलात बसलेल्यांना पट्टे लवकर येत होते आणि दुसऱ्या प्रकारच्या फुलात बसलेल्यांना उशिरा. फरक थायरॉइडच्या संप्रेरकांचा निघाला. समुद्रातच घर बदललं की पट्ट्यांचं वेळापत्रक बदलत असेल, तर आपल्या बादलीएवढ्या टाकीत, बेताच्या खाण्यावर, दिवसरात्र दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांचं काय होत असेल? टाकीत जन्मलेल्या क्लाउनमध्ये तुटके, अर्धवट पट्टे भरपूर दिसतात. छंदातली मंडळी त्यांना मिसबार म्हणतात. माझी स्वतःची पहिली खेप अशीच होती. रोटिफर कमी पडले, जागा कमी पडली, आणि निम्म्याअधिक पिल्लांचा मधला पट्टा अर्ध्यावर थांबला. मीही तेव्हा दोन दिवस ‘नवा वाण मिळाला’ म्हणून हवेत होतो. त्याच जोडीची पुढची खेप नीट खायला घालून वाढवली, तर जवळजवळ सगळी पिल्लं सरळ तीन पट्ट्यांची निघाली.

तुमच्या मादीचा उजवीकडचा अर्धा पट्टा मला असाच वाटतो. डावीकडे पट्टा वळून पुढच्या पट्ट्याला भिडतोय ही गोष्ट जास्त कुतूहलाची आहे. ती जनुकातली असू शकते. फोटो पाहून हे कोणी सांगू शकत नाही, तुमचा मित्रही नाही.

सांगू शकते ती फक्त पिल्लं. आणि इथे मित्राची योजना स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. पिकासोचं वेडंवाकडं नक्षीकाम ज्या जनुकातून येतं, त्याची एक प्रत पुरते. दोन्हीकडून आली तर जवळजवळ पूर्ण पांढरा प्लॅटिनम होतो, एकीकडून आली तर पिकासो. म्हणजे पिकासो नर लावला तर साधारण निम्मी पिल्लं नक्षीदार निघणार, ती बापामुळे. आईने काय दिलं हे कधीच कळणार नाही, पण श्रेय मात्र ‘दुर्मीळ मादी’ला जाणार. उलट तुमचा तो बिचारा साधा नर या कामाला सगळ्यात लायक आहे. तो स्वतः काही मिसळत नाही. त्याच्यापासून नीट वाढवलेल्या दोन-तीन खेपांत निम्म्याच्या आसपास पिल्लं आईसारखी निघाली, तर मादीत खरंच काहीतरी आहे. जवळपास सगळीच तुटक्या पट्ट्यांची निघाली तर दोष तुमच्या वाढवण्यात शोधा. एकही निघालं नाही, तर पट्टा तिच्या बालपणाचा होता असं समजून गप्प बसा. (दबून राहणारं जनुक असण्याची शक्यता उरते, पण त्यासाठी पिल्लं मोठी करून पुढची पिढी काढावी लागते. तो खटाटोप इतक्यात नको.)

याचं एक सुंदर उदाहरण आहे. 2010 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातून मरून नावाच्या क्लाउन जातीची एक मादी पकडली गेली. साध्या पट्ट्यांऐवजी तिच्या अंगभर विजेसारखं फाटत गेलेलं पांढरं जाळं होतं, म्हणून नाव पडलं लायटनिंग मरून. ज्याच्या हाती ती आली त्याने तिला कुठल्या भडक नराशी जुळवलं नाही. मुद्दाम त्याच समुद्रातला, साध्या पट्ट्यांचा नर शोधून दिला. 2012 मध्ये पिल्लं वाढली तेव्हा निम्म्याच्या आसपास आईवर गेली होती. रंग आनुवंशिक आहे हेही कळलं आणि वंशाची ओळही त्या एका पाण्याचीच राहिली.

नर बदलण्याबद्दल आणखी एक. क्लाउन सगळे आधी नर असतात. जोडीतली मोठी ती मादी होते, आणि एकदा मादी झालेला मासा परत नर होत नाही. तुमची मादी दोन वर्षं त्या टाकीची मालकीण आहे. जुना जोडीदार उचलून अनोळखी नर सोडलात तर ती त्याला लगेच पदरात घेईल असं नाही. पर फाडणं, कोपऱ्यात दाबून धरणं, रात्रीत मारून टाकणं, सगळं मी पाहिलंय. आणि मित्राचा ‘नर’ एकटा मोठ्या टाकीत वाढला असेल तर तो एव्हाना मादी झालेलाही असू शकतो. मग दोन माद्या एका टाकीत, आणि तो खेळ एकीच्या मरणावरच थांबतो. माझ्या लेखी पिल्लांच्या रंगाहून मोठा नैतिक प्रश्न हा आहे: नीट नांदणारी, अंडी घालणारी जोडी फक्त नक्षीसाठी मोडायची का? मी नाही मोडणार.

आता ताईंच्या मुद्द्याकडे. लुडबूड.

निसर्ग आपल्या कल्पनेइतका सोवळा नाही, हे त्यांना सांगा. 1973 मध्ये ल्युकोक्रॅनोस नावाचा एक क्लाउन स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. डोक्यावर पांढरी टोपी घातल्यासारखा दिसतो. पुढे जनुकं तपासली तेव्हा ती जात नसून संकर निघाला: क्रिसॉप्टेरस आणि सँडारॅसिनोस या दोन जातींचा. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांच्या बाजूला या दोन्ही जाती एकत्र सापडतात आणि तिथे आपापसांत जुळतात. कोणी हॅचरीवाला मध्ये पडला नव्हता.

पण ऑसेलारिस आणि पर्क्युलाची गोष्ट तशी नाही. ऑसेलारिस अंदमानच्या समुद्रापासून इंडोनेशिया, फिलिपिन्स, पार जपानच्या रयुक्यू बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याला. पर्क्युला उत्तर क्वीन्सलँड, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, व्हानुआटू. समुद्रात त्यांची गाठ पडत नाही, काचेच्या टाकीत मात्र पडते आणि त्यांची पिल्लं धडधाकट, पुढे अंडी घालणारीही निघतात. म्हणून तर बाजारात दोन्हींची सरमिसळ इतकी झालीय.

यात माशाला दुःख आहे का? नाही. आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा म्हणून कुठल्या पिल्लाला वेदना होत नाही. मग नुकसान कोणाचं? नुकसान माहितीचं आहे, आणि ते भरून येत नाही. पेल्यातलं दूध पाण्यात ओतलं की परत वेगळं काढता येत नाही, तसं. टाकीत वाढवलेले मासे समुद्रात परत सोडायचे नसतातच (कधीच सोडू नका, जिथले आहेत तिथेही नाही), त्यामुळे ‘शुद्ध ओळ राखली की प्रवाळ वाचेल’ असा दावा मी करणार नाही. पण एवढं दिसतं: ज्याला खरा पर्क्युला हवाय त्याला टाकीत जन्मलेला खात्रीचा पर्क्युला मिळाला नाही, तर तो समुद्रातून पकडलेला मागतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड होव बेटाच्या आसपासच सापडणाऱ्या मॅककुलॉची क्लाउनसारख्या जातींच्या बाबतीत तर टाकीतली प्रत्येक अस्सल जोडी मोलाची आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. तीन वर्षं मी एका जोडीची पिल्लं पर्क्युला म्हणून वाटली. जोडी मला पर्क्युला म्हणून मिळाली होती, काळ्या कडा जाड होत्या, मी विश्वास ठेवला. मग ज्यांना पिल्लं दिली होती त्यांच्यापैकी एकाने फोटो पाठवला. पाठीचा पर पूर्ण उघडलेला, त्यावर लाल पेनाने आकडे टाकलेले, आणि खाली एकच ओळ: ‘सर, तुमच्या पर्क्युलाला 11 काटे आहेत.’ पर्क्युलाला पाठीच्या पराच्या पुढच्या भागात बहुतेकदा 10 कडक काटे असतात, ऑसेलारिसला बहुतेकदा 11. मी धावत टाकीशी गेलो. नराचे डोळेही करडे होते, पर्क्युलासारखे लखलखीत नारिंगी नव्हते. तीन वर्षांत एकदाही मी ते डोळे नीट पाहिले नव्हते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो वाळा मीच लोकांच्या हातात घालत होतो. ज्यांचे पत्ते होते त्यांना कळवलं. बाकीची पिल्लं आज कोणाच्या तरी ‘शुद्ध’ ओळीत बसली असतील.

म्हणून माझा आक्षेप संकराला कमी आणि पिशवीवरच्या नावाला जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराकडचा काळा ऑसेलारिस आणि नारिंगी ऑसेलारिस जुळवून जो चॉकलेटी मोका निघतो, तो एकाच जातीतला मेळ आहे. त्याला मोका म्हणा, वाढवा, माझी काही तक्रार नाही. (दिसायला मला तो काळ्याहून आणि नारिंगीहूनही फिका वाटतो, पण ती आवड झाली.) दोन जातींचा संकर केलात तर पिशवीवर तसं लिहा: बाप अमुक, आई अमुक, संकर. नवं चटपटीत नाव हवं तर त्याखाली बारीक अक्षरात. मित्राच्या योजनेत हे नेमकं उलटं आहे, नाव आधी ठरलंय आणि मासा नंतर.

जिथे मी थेट नाही म्हणतो ती जागा वेगळी आहे: रंगासाठी किंवा आकारासाठी माशाचं शरीरच बिघडवणं. ब्लड पॅरट सिक्लिड पाहा. संकरातून आलेला, गुबगुबीत, लोकांना गोड वाटतो, पण बऱ्याच जणांचं तोंड नीट मिटत नाही आणि घास घशाने चिरडावा लागतो. बलून मॉलीचा गोल आकार म्हणजे वाकलेला कणा आहे. काचेसारख्या पारदर्शक माशाला सुईने रंग टोचून विकतात, तो तर सरळसरळ अत्याचार. आणि नुसता रंगही दर वेळी निरुपद्रवी नसतो. प्लॅटी आणि स्वोर्डटेल या गोड्या पाण्यातल्या दोन जातींचा संकर करून ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी जुळवली, की काही माशांत प्लॅटीचे साधे काळे ठिपके वाढत जाऊन कातडीचा कर्करोग होतो. 1920च्या दशकापासून हे माहीत आहे. प्लॅटीत ठिपक्याचं जनुक आणि त्याला आवरणारं जनुक दोन्ही असतात, संकरात आवरणारं गळून जातं. क्लाउनमध्ये असं होतं असं मी म्हणत नाही. दोन जातींची जनुकं एकत्र आली की ती एकमेकांशी कशी वागतील हे रंग पाहून कळत नाही, एवढंच.

आणि पिल्लांचा हिशेब? याबद्दल पत्रात तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मित्रानेही काढला नसावा. एका खेपेत शेकडो अंडी. त्यातली पन्नास वाढली तरी महिन्याला शंभर. क्लाउन टाकीत वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. नक्षीदार लगेच जातील, साध्यांचं काय? कल्ल्यांवरचं झाकण आखूड राहिलेली, जबडा वाकडा असलेली काही दर खेपेत निघतातच. ती कोणाच्या गळ्यात मारायची नसतात. फार बिघडलेल्याला लवंगेच्या तेलाचा मोठा डोस देऊन झोपेतच संपवावं लागतं, आणि ते काम तुमच्याच हाताला करावं लागेल, मित्राच्या नाही. हे झेपणार नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे अंडी तिथेच राहू द्या. नर पंख्यासारखे पर हलवत त्यांची राखण करील, आठवड्याभरात ती फुटतील आणि बहुतेक पिल्लं टाकीतल्या इतरांच्या पोटात जातील. समुद्रातही यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचतात. प्रत्येक खेप वाढवलीच पाहिजे असा काही नियम नाही.

तर तुम्ही करा असं. पिकासो नर मित्राकडेच राहू द्या. मैत्रीत वाकडं येऊ नये म्हणून सगळा दोष माझ्यावर ढकला, चालेल. कोरल आहे तिथेच असू द्या. सहा आठवडे दर रविवारी, त्याच दिव्याखाली, मादीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे काळे डाग वाढतात की ओसरतात ते दिसेल. तोवर रोटिफरची पैदास सुरू करून ठेवा. ती जमली तरच एखादी खेप वेगळी काढा, नाहीतर नको.

आणि पहिल्या फोटोच्या वेळी एक काम आठवणीने करा. चिमट्यात थोडं खाणं धरून काचेशी न्या. ती उसळून येते तेव्हा पाठीचा पर पूर्ण उघडते, तेवढ्यात टिपा. नराचाही तसाच घ्या. मग फोटो मोठा करून काटे मोजा, दोघांचे, आणि डोळ्यांचा रंग पाहा. आकडे मला कळवा. ‘ऑसेलारिस म्हणून घेतली होती’ हे तुमचं वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

– तुमचा सदरकार